सार आणि चोथा

आपल्या भाषेत 'सार' हा शब्द दोन ठिकाणी राबतो. जेवणाच्या पानात तो आमसुलाचे किंवा टोमॅटोचे पातळ, आंबट, भातावर ओतून घ्यायचे सार असतो. ग्रंथाच्या पानात तो गाभा, तात्पर्य, सत्त्व या अर्थांनी येतो. त्याच्या शेजारी 'चोथा' हा शब्द ठेवला की एक विचारपद्धतीच उभी राहते. वस्तूमध्ये काहीतरी मोलाचे असते, ते काढून घ्यावे आणि उरेल ते टाकावे. उसाचा रस आणि चिपाड, नारळाचे दूध आणि पिळून उरलेला चव, कादंबरी आणि परीक्षेसाठी तिचा सारांश! सूप या शब्दाची गंमत तर आणखी वेगळी. धान्य पाखडून फोल बाजूला काढणारे सूप आपल्याकडे शूर्पापासून आले. संस्कृतातला सूप म्हणजे वरणासारखा पदार्थ, म्हणून स्वयंपाकी तो सूपकार; आणि १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी मराठीत पाकग्रंथ लिहिला तेव्हा त्याचे नाव ठेवले 'सूपशास्त्र'. इंग्रजी सुपाशी या शब्दाचे दिसणारे साम्य मोहक आहे, परंतु त्यावर सिद्धान्ताची इमारत रचण्याचा मोह टाळलेला बरा.

हे सगळे मनात येण्याचे निमित्त अगदी घरगुती आहे. आमच्या फ्रीझरमध्ये एक डबा असतो. त्यात कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, लसूण, कोथिंबिरीच्या काड्या यांचे मिक्सरमधून काढलेले, रवाळ, हिरवट-केशरी वाटण असते. किलोभर भाज्यांना सुमारे २०० ग्रॅम मीठ. चमचाभर वाटण उकळत्या पाण्यात घातले की पाच मिनिटांत सूप, पुलाव किंवा रस्सा यांना लागणारे 'पाणी' तयार होते. युरोप-अमेरिकेतल्या गृहिणी याला घरगुती बुयाँ म्हणतात. फ्रेंच भाषेत उकळणे या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्यावरून आलेला हा शब्द. बाजारात मिळणाऱ्या चौकोनी वड्यांना पर्याय म्हणून हे वाटण केले जाते आणि त्याच्या कृतीत सांगण्यासारखे फारसे काही नाही. पण त्या वडीमागे सुमारे साडेतीनशे वर्षांचा एक इतिहास आहे. अन्नाचे सत्त्व वेगळे काढता येते काय, आले तर ते कोणाला मिळावे आणि चोथा कोणाच्या वाट्याला जावा, या प्रश्नांचा हा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हे प्रश्न परके वाटू नयेत.

*

आरंभ एका भांड्यापासून करता येईल. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने घट्ट झाकणाचे, वाफेच्या दाबावर शिजवणारे एक भांडे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर हा त्याचाच वंशज. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवण वाढण्यात आले. पाहुण्यांमध्ये जॉन ईव्हलिन होता आणि गुरामेंढरांची कठीण हाडेही चीजसारखी मऊ झाल्याचे त्याने आपल्या प्रसिद्ध रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. पापँची दृष्टी मेजवानीवर नव्हती. जी हाडे लोक फेकतात त्यांतून गरिबांसाठी अन्न काढावे, ही त्याची कल्पना होती. चोथ्यातून सार काढण्याचे आधुनिक स्वप्न येथे पहिल्यांदा शास्त्राची भाषा बोलू लागले.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या स्वयंपाकघरांत या स्वप्नाला एक ठोस रूप आले. मांस आणि हाडे तासन् तास उकळायची, रस गाळायचा, त्यावरची चरबी काढायची आणि तो आटवत आटवत डिंकासारखा करून त्याच्या वड्या वाळवायच्या. हे 'खिशात बाळगायचे सूप'. हॅना ग्लास हिच्या १७४७ च्या पाकग्रंथात त्याची कृती आहे. ब्रिटिश आरमाराने ते मोठ्या प्रमाणावर घेतले, कारण ते स्कर्व्हीवर गुणकारी ठरेल अशी आशा होती. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, जुन्या जखमा उकलत आणि माणसे मरत. कुकच्या सफरींच्या काळातली मानली जाणारी अशी एक वडी ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात अजून जपून ठेवलेली आहे. सरकारी मालकीची खूण म्हणून तिच्यावर बाणाची मोहोर आहे.

कॅप्टन कुक १७६८ साली 'एंडेव्हर' जहाजावरून निघाला तेव्हा या वड्या त्याच्या भांडारात होत्या. मात्र कुकची एक सवय होती. जहाज किनाऱ्याला लागले की तो माणसांना हिरवा पाला गोळा करायला पाठवी. तिएरा देल फ्वेगोच्या किनाऱ्यावर आणि न्यूझीलंडमध्ये त्यांना रानटी सेलरी मिळाली. ती ओटच्या पिठात आणि त्या सुपात शिजवून सकाळी सर्वांना दिली जाई. स्कर्व्ही आटोक्यात राहिला आणि श्रेयाचा एक वाटा वड्यांच्या पदरात पडला. आज आपल्याला ठाऊक आहे की तासन् तास आटवलेल्या त्या डिंकात 'क' जीवनसत्त्व उरलेले असणे शक्यच नव्हते. काम केले ते पाल्याने. सूप हे त्या पाल्याला पोटात नेणारे वाहन होते. पण सरकारी मोहोर वाहनावर होती, पाला तर फुकट उगवलेला होता.

लुईस आणि क्लार्क यांच्या अमेरिकी मोहिमेसाठी १८०३ साली फिलाडेल्फियात १९३ पौंड असे सूप विकत घेतले गेले. सप्टेंबर १८०५ मध्ये बिटररूट पर्वत ओलांडताना शिकार मिळेना, तेव्हा ते बाहेर काढले. त्या रात्री माणसांची भूक त्याने भागली नाही. अखेर घोड्याचे एक शिंगरू मारावे लागले. साराची मर्यादा डोंगरात कळते, ती अशी.

*

याच सुमारास पॅरिसमध्ये त्याच पदार्थाची दुसरी कथा घडत होती. 'रेस्तराँ' हा शब्द मुळात जागेचे नाव नव्हे. ते एका पुष्टिदायक रश्शाचे नाव होते. शक्ती पूर्ववत करतो तो रेस्तराँ. आपल्याकडे आजाऱ्याला देतात ते मुगाचे कढण, किंवा आयुर्वेदातले यूष आणि मांसरस, यांचाच हा फ्रेंच भाऊबंद. १७६० च्या दशकात मातुरँ रोझ द शांत्वाझो याने असा रस्सा देणारी दुकाने सुरू केली. इतिहासकार रेबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे साधार मांडले आहे आणि बूलांजे नावाच्या कोणा सूपविक्याची जी दंतकथा सर्वत्र सांगितली जाते ती बाजूला सारली आहे. नाजूक प्रकृती हे तेव्हाच्या सुसंस्कृतपणाचे लक्षण होते. ज्यांना घन अन्न झेपत नाही असे संवेदनशील लोक या दुकानांत बसून अर्क पीत. म्हणजे सार श्रीमंतांसाठी होते आणि ते महाग होते.

गरिबांसाठीही सार होते, पण त्याचा हिशेब निराळा होता. काउंट रम्फर्ड याने १७९० मध्ये म्यूनिकच्या कामगारगृहात बार्ली, वाटाणे, शिर्का, मीठ आणि शिळा पाव यांचे सूप सुरू केले. त्यात पुढे बटाटा आला. भाजीच्या सुपाच्या इतिहासात हे एक महत्त्वाचे पान आहे, कारण रम्फर्डचे सूप दाट होते आणि त्यात डाळधान्य खरोखर होते. परंतु त्याच्या मनात एक चमत्कारिक सिद्धान्त होता. पाणी स्वतःच पोषक असते, नीट शिजवले की ते अन्न बनते, असे त्याला वाटे. या सिद्धान्ताचा मोह राज्यकर्त्यांना का पडावा, हे सांगायला नको.

पॅरिसमध्ये दार्से पितापुत्रांनी हाडांतून जिलेटिन काढण्याचा मार्ग सुधारला आणि इस्पितळांतल्या गरीब रोग्यांना जिलेटिनचा रस्सा मिळू लागला. तक्रारी वाढल्या. विज्ञान अकादमीने समिती नेमली आणि माझँदी या शरीरशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये तिचा अहवाल दिला. केवळ जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे जगत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. आज आपण सांगू शकतो की जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. पण पाने पुढे सरकवणाऱ्या रोग्यांना हे प्रयोगशाळेच्या आधीच कळले होते.

१८४७ च्या आयरिश दुष्काळात लंडनचा नामांकित आचारी अलेक्सी स्वाये डब्लिनला गेला आणि त्याने आदर्श सूपगृह उघडले. त्याची कृती वृत्तपत्रांतून गाजली. दोन गॅलन पाण्यात पाव पौंड मांस, थोडा कांदा, सलगमाच्या साली, सेलरीचे शेंडे, पीठ, बार्ली, मीठ. स्वायेचा हेतू प्रामाणिक होता आणि साली व शेंडे वाया घालवू नयेत हा त्याचा आग्रह आजच्या कोणत्याही घरगुती बुयाँच्या कृतीत शोभेल. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने त्याच्यावर कडक टीका केली. चव आणि पोषण यांत गल्लत होत आहे, असा तिचा रोख होता. पोट भरल्याचा भास म्हणजे अन्न नव्हे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या भूमीपर्यंत येतो. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे वेतन दिवसाला एक पौंड धान्य आणि किरकोळ पैसे इतक्यावर आणले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीही आहारशास्त्राच्या आधारे विरोध केला आणि त्याच वर्षी मद्रासेत वेतन वाढवावे लागले. येथे सूप नव्हते, पण प्रश्न तोच होता: माणूस कमीत कमी कशावर जगतो? हा प्रश्न ज्याच्या पुढ्यात भरलेले ताट आहे तो विचारतो तेव्हा त्याचे उत्तर नेहमी कमीच येते.

*

'सार' या कल्पनेला सर्वांत भारदस्त प्रवक्ता मिळाला तो यूस्टुस फॉन लीबिश. १८४७ मध्ये या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या रसायनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मांसाचा अर्क कसा काढावा हे त्यात सांगितले. साधारण ३० किलो मांसातून एक किलो अर्क निघे. युरोपात ते परवडणारे नव्हते. पण दक्षिण अमेरिकेत गुरे कातड्यासाठी मारली जात आणि मांस अक्षरशः सडत पडे. गेओर्ग गीबर्ट या अभियंत्याने लीबिशला गाठले आणि १८६५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन होऊन उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस येथे कारखाना धडधडू लागला. त्या कारखान्याच्या वास्तूला २०१५ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

अर्क टिकावा म्हणून त्यातून चरबी काढली जाई, प्रथिनेही बाजूला पडत. जे शिल्लक राही त्यात क्षार होते, वास होता, चव होती. पोषण गेले ते चोथ्याबरोबर, आणि तो चोथा पुढे गुरांचे खाद्य म्हणून विकला गेला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या १८५९ च्या पुस्तकात गोमांसाच्या 'चहा'ची परीक्षा अगदी गृहिणीच्या पद्धतीने केली. तो आटवून पाहा, म्हणजे त्यात घन अन्न किती थोडे असते ते दिसेल. तरीही रोग्याला त्याने हुशारी येते हे त्यांनी नाकारले नाही. ही समतोल दृष्टी रसायनशास्त्रज्ञाला उशिरा सुचली. टीका वाढली तेव्हा लीबिशनेही अर्क हा आहार नसून उत्तेजक आहे, अशी माघार घेतली. जाहिराती मात्र तितक्या लगबगीने मागे आल्या नाहीत.

*

येथून भाजीचा अध्याय सुरू होतो, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. स्वित्झर्लंडमध्ये कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाकाला वेळ उरत नव्हता आणि कामगारांची मुले कुपोषित होती. फ्रिडोलिन शूलर या डॉक्टर असलेल्या कारखाना-निरीक्षकाने डाळींकडे लक्ष वेधले. गिरणीमालक यूलियस माग्गी (आपण 'मॅगी' म्हणतो) याने १८८० च्या दशकाच्या मध्यास भाजलेल्या डाळींची पिठे आणि १८८६ मध्ये तयार सुपे व एक काळसर द्रव मसाला बाजारात आणला. या मसाल्याला मांसासारखी चव होती, पण त्यात मांस नव्हते. वनस्पतीतील प्रथिने आम्लाने फोडून तो केला जाई.

या कंपनीच्या जाहिरात कचेरीत १८८६ मध्ये एक बावीस वर्षांचा तरुण रुजू झाला. त्याचे नाव फ्रांक वेडेकिंट. आणखी पाच वर्षांनी 'वसंताची जाग' अशा अर्थाचे नाटक लिहून जर्मन रंगभूमीला हादरा देणारा हाच तो नाटककार. वडिलांशी भांडण झालेले, हातात पैसा नाही, म्हणून तो सुपावर गोष्टी, संवाद, पद्ये लिहीत होता. प्रत्येक गोष्टीचा शेवट सुपापाशी व्हायचा, ही अट! कोणत्याही प्रसंगातून ठरलेले एकच सार काढायचे, ही शिक्षा ज्याने तरुणपणी भोगली, त्याने पुढे उपदेशाचे सार देण्यास ठाम नकार देणारी नाटके लिहिली. कार्यकारणभाव सिद्ध करता येणार नाही, पण योगायोग बोलका आहे.

१९०८ मध्ये माग्गीची चौकोनी वडी आली. १९१० साली इंग्लंडमध्ये ऑक्सोची आली. फ्रान्समध्ये माग्गीच्या वडीचे नाव होते 'कुब'. चित्रकारांना हा शब्द फुकट मिळालेला विनोद वाटला असणार. पिकासोने १९१२ मध्ये रंगवलेल्या एका निसर्गचित्रात जाहिरातीच्या फलकावर तो घनाकृती 'कुब' विराजमान आहे. त्याच फलकांचे पुढे काय झाले ते पाहा. कादंबरीकार आल्फाँस दोदे यांचा मुलगा लेआँ दोदे याने आपल्या उजव्या राष्ट्रवादी पत्रातून माग्गी ही जर्मन हेरांची कंपनी आहे, असा प्रचार चालवला. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा रेल्वेमार्गालगतच्या 'कुब'च्या पाट्यांवर जर्मन सैन्यासाठी गुप्त खुणा आहेत अशी अफवा उठली, सरकारी आदेशाने पाट्या काढल्या गेल्या आणि पॅरिसमधली माग्गीची दूधकेंद्रे जमावाने फोडली. संहितेत नसलेला अर्थ संहितेतून काढण्याचा अतिरेक कोठवर जाऊ शकतो, याचा हा नमुना वर्गात सांगण्याजोगा आहे.

वडीच्या पुढच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. कोप्रिवनित्सा येथील पोद्राव्का कारखान्यात झ्लाता बार्त्ल या स्त्री-शास्त्रज्ञाच्या संशोधनातून वाळवलेल्या भाज्या आणि मीठ यांची 'वेगेता' १९५९ मध्ये बाजारात आली आणि मध्य युरोपभर पसरली. पश्चिम आफ्रिकेत वड्यांनी आंबवलेल्या बियांच्या 'सुंबाला'सारख्या पारंपरिक वाटणांची जागा बऱ्याच अंशी घेतली. आपल्याकडे हे स्विस नाव १९८३ साली नूडल्सच्या रूपाने घरोघरी पोहोचले, आणि ते मुळात डाळीच्या सुपाचे नाव होते ही आठवण पुसली गेली.

*

आता या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग. तो मुंबईत, परळला घडतो. १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्टन येथे मार्माइट तयार होऊ लागले. बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा, म्हणजे दारूभट्टीतल्या चोथ्याचाच, तो अर्क. यीस्टचा असा अर्क होऊ शकतो हे लीबिशनेच दाखवले होते. मार्माइट हे नाव रस्सा उकळण्याच्या फ्रेंच हंड्यावरून आलेले आहे. मांसाच्या अर्काची गरिबांनी केलेली नक्कल, अशीच त्याची ओळख होती.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. शहरातल्या गरीब गरोदर स्त्रियांमध्ये, गिरणीत काम करणाऱ्या बायकांमध्येही, एक घातक रक्तक्षय आढळत होता. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी त्यांच्या आहाराचा, राहणीचा अभ्यास केला, माकडांवर प्रयोग केले आणि त्यांना उत्तर सापडले ते मार्माइटमध्ये. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. यीस्टच्या अर्काने रुग्ण स्त्रिया झपाट्याने सुधारत होत्या. त्या अज्ञात घटकाला बरीच वर्षे 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांपासून वेगळा काढण्यात आला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले फॉलिक आम्ल. आज गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात मिळणारी गोळी ती हीच.

कुकची रानटी सेलरी आणि विल्स यांचे पालकाचे पान यांच्यामध्ये पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. या काळात युरोपातल्या श्रेष्ठ बुद्धिमत्तांनी हाडे उकळली, मांस आटवले, जिलेटिन गोठवले. प्रत्येक वेळी सार हाती आल्याची घोषणा झाली, आणि प्रत्येक वेळी जे हवे होते ते पाल्यात, डाळीत, भट्टीच्या गाळात निघाले. मार्माइटही अर्कच होता हे खरे. म्हणून अर्क काढणे हीच चूक, असे मला म्हणायचे नाही. चूक होती ती कोणते मोलाचे आणि कोणते टाकाऊ हे आधीच ठरवून मग पातेले चढवण्यात.

*

आणि चव? तिचा उलगडा वडीच्याच वर्षी झाला. १९०८ मध्ये तोक्योत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. जपानच्या बौद्ध मठांत कोंबू आणि वाळवलेली शिताके अळंबी यांचा रस्सा शतकानुशतके केला जातो. भाजीच्या बुयाँचे ते कदाचित सर्वांत परिपक्व रूप असेल. दुसऱ्याच वर्षी ग्लुटामेटचे शुभ्र स्फटिक बाटलीतून विकले जाऊ लागले. साराचेही सार निघाले!

पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक गोष्ट कळली. कोंबूतले ग्लुटामेट आणि अळंबीतले न्यूक्लिओटाइड एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, ती कित्येक पटींनी वाढते. मठातल्या आचाऱ्यांना हे जिभेने ठाऊक होते. आपल्या वाचकाला येथे नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय आठवेल. रस म्हणजे काय हे सांगताना भरताने दाखला दिला आहे तो स्वयंपाकाचाच. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगातून जसा रस निपजतो, तसा भावांच्या संयोगातून नाट्यरस. भरताचा रस कशातून पिळून काढलेला नाही. तो आधी कोठेच नसतो, एकत्र येण्यातून होतो. लीबिश आणि भरत यांच्या कल्पनांमधला हा मूलभूत फरक आहे. एकाला सार वस्तूच्या आत दडलेले दिसते, दुसऱ्याला रस संयोगात घडताना दिसतो. समीक्षेच्या इतिहासातही हे दोन पक्ष आहेतच. कवितेचा 'आशय' गाळून घेणारे आणि कविता जशीच्या तशी तोंडात घोळवणारे.

*

पुन्हा फ्रीझरमधल्या डब्याकडे येऊ. त्या वाटणाची गोष्ट अशी की त्यात काहीही गाळलेले नाही. कांदा, गाजर, सेलरी यांचा चोथा त्यातच आहे. काड्याही त्यातच आहेत. फ्रीझर नव्हते तेव्हा हेच काम एकटे मीठ करी. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये उन्हाळ्यातला हिरवा पाला आणि भाज्या चिरून मिठात दाबून हिवाळ्यासाठी ठेवण्याची चाल आहे. आपल्या मिठातल्या कैऱ्यांना आणि लिंबांना ती परकी वाटणार नाही. मिठामुळे वाटण टिकते हे तर झालेच, पण ते फ्रीझरमध्ये दगडासारखे होत नाही हेही मिठामुळेच. सुमारे २३ टक्क्यांचे मिठाचे पाणी उणे २१ अंश सेल्सिअसला गोठते आणि घरगुती फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो. त्यामुळे वाटण घट्ट पण मऊ राहते आणि डबा बाहेर न काढता चमच्याने खरवडून घेता येते. कोबी आणि मुळा घालू नये. त्यांचा उग्र वास इतर सगळ्यांवर मात करतो. आणि ज्या पदार्थात हे घालायचे त्याला वेगळे मीठ टाकण्याआधी चव पाहावी.

मात्र या वाटणाचे स्तोत्र गाण्याची गरज नाही. एक चमचा वाटणात असे किती पोषण असणार? ते मुख्यतः मीठ आणि चव आहे. गेली साडेतीनशे वर्षे रस्सेवाल्यांनी जी चूक केली, ती घरगुती म्हणून पुन्हा करण्याचे कारण नाही. डाळ, भात, भाजी यांच्या जागी ते येऊ शकत नाही; त्यांच्या जोडीला ते यावे. शिवाय बाजारातल्या वडीला नाक मुरडण्याचाही अधिकार सरसकट कोणाला नाही. वडीची मूळ प्रेरणा कारखान्यातून थकून येणाऱ्या बाईचा वाचणारा अर्धा तास ही होती. तो अर्धा तास ज्यांच्याकडे आहे त्यांनी वाटण करावे आणि तो नाही त्यांना हिणवू नये. घरी कोणी वाटायचे, हाही प्रश्न आहेच. आमच्याकडे महिन्यातून एकदा भाज्या चिरण्याचे काम माझ्याकडे असते, इतकेच नोंदवतो.

मी साहित्य शिकवतो. दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी येतात आणि 'सर, या कादंबरीचे सार काय?' असे विचारतात. त्यांची घाई मला कळते. त्यांच्यातले कित्येक जण दिवसा कामाला जातात. त्यांच्यासाठी गाईड म्हणजे माग्गीची वडीच आहे आणि ती नाकारून मी त्यांना उपाशी ठेवणार नाही. पण वडी हातावर ठेवताना मी एवढे सांगतो की ही करताना कोणी काहीतरी गाळून टाकलेले आहे, आणि काय गाळावे हे तुम्ही ठरवलेले नाही. जमेल तेव्हा मूळ पुस्तक उघडा, निदान एक प्रकरण तरी सबंध वाचा. पाल्हाळ, वर्णने, तुम्हाला चोथा वाटणारी पाने यांच्यासकट.

यंदा एक विद्यार्थिनी प्रकरण वाचून परत आली. तिने शंका विचारली ती गाईडात न सापडणाऱ्या एका परिच्छेदाबद्दल. तिचे उत्तर मला लगेच देता आले नाही. आम्ही दोघांनी मिळून तो परिच्छेद पुन्हा वाचला.